लेईमाराचं ‘आपण’

एलावोआ बेटावर कुणी परका माणूस उतरला की पहिली हाक लेईमाराला जायची. शिडाच्या होडीतून भटकत आलेलं जोडपं असो, लस टोचायला आलेला डॉक्टर असो, नाहीतर कासवं मोजायला आलेली बाई असो. गावचे चीफ काल्तापाउ किनाऱ्यावर हाताची घडी घालून उभे राहायचे आणि म्हणायचे, "लेईमाराला बोलवा रे. मी नुसता हसून किती वेळ निभावणार?" मग लेईमारा फुलाफुलांचा घोळदार झगा सावरत, ओले हात त्यालाच पुसत यायची. तिथून पुढे पाहुण्याला काय बोलायचं आहे यापेक्षा लेईमाराला काय सांगायचं आहे, यालाच जास्त महत्त्व असायचं.

इंग्रजी ती राजधानीत, पोर्ट व्हिलाला शिकली. ऐन उमेदीची वर्षं तिनं तिथल्या एका हॉटेलात खोल्या आवरण्यात घालवली. चादरी बदलताना शेजारच्या खोलीतल्या नवराबायकांची भांडणं कानावर पडायची, त्यातून ती भाषा तिच्या तोंडात बसली. त्यामुळे तिच्या इंग्रजीत तक्रारीचे शब्द रग्गड आणि कौतुकाचे बेताचे. पण एलावोआला तेवढं पुरत होतं, कारण इतरांकडे तेवढंही नव्हतं.

भाषांतर करायची तिची एक रीत होती. आरोग्य खात्याचा माणूस डासांवर लांबलचक बोलून घाम पुसायला थांबला की लेईमारा गावाकडे वळून सांगायची, "पाण्यावर झाकणं ठेवा, नाहीतर तापानं मराल." संपलं. उलट चीफ काल्तापाउ नुसतं "या, बसा" म्हणाले, तर तिचं भाषांतर संपेपर्यंत पाहुण्याचा नारळ पिऊन व्हायचा. एकदा एका फ्रेंच म्हाताऱ्याला चीफनी विचारलं होतं, प्रवास कसा झाला. लेईमारानं त्याला विचारलं, शाळेचं छप्पर गळतंय ते पाहिलंत का. परत गेल्यावर त्यानं पत्रे पाठवले. पत्रे आल्यावर चीफना जरा नवल वाटलं, पण पत्र्यांना कोण नाही म्हणतो?

तिचा नवरा काल्मासेइ मासेमार. बोलणं बेताचं. घरात बोलायची जागा आधीच भरलेली आहे, असं तो एकदाच म्हणाला होता आणि ते पुरेसं होतं. खोल समुद्रातला लालसर पुले मासा धरण्यात त्याचा हात धरणारा बेटावर कुणी नव्हता. व्हिलाच्या हॉटेलांत पुलेला मोठी मागणी, पण व्हिलाची बोट यायची तिला वाटेल तेव्हा, आणि तोवर मासा मऊ पडायचा. मग शेजाऱ्यांना वाटा, उरला तर खारवा, त्यातूनही उरला तर डुकरांना घाला. एलावोआची डुकरं पुले खाऊन अशी माजली होती की त्यांना साधा नारळ घातला तर ती तोंड फिरवायची.

मासे खपत नाहीत म्हटल्यावर मुलगा ओबेद सफरचंदं तोडायला न्यूझीलंडला जायला लागला. गावातली निम्मी तरणी मुलं अशीच जातात. सहासात महिने तिकडे, मग घरी येऊन घराला एखादी खिडकी बसवायची, की पुन्हा बोलावणं. लेईमाराला ते मुळीच आवडत नव्हतं. पोरगा येतो तो पाहुण्यासारखा, जातो तो चोरासारखा, असं ती म्हणायची आणि मग दिवसभर कुणाशी धड बोलायची नाही. त्याच्या लग्नासाठी तिनं एक डुक्कर पाळलं होतं, चांगले वळलेले सुळे असलेलं. रोज संध्याकाळी त्याची पाठ खाजवताना ती त्याला सांगायची, येईल हो तुझा धनी. बर्फ असता तर मासा टिकला असता, आणि मासा टिकला असता तर ओबेद घरी टिकला असता. तिचा हिशोब एवढा साधा होता.

अशात एके सकाळी रेडिओवर बातमी आली. व्हानुआतू आणि आइसलंड या दोन लोकशाही देशांमध्ये धोरणात्मक भागीदारी झाली आहे.

बातमी ऐकून चीफ नाकामालात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या घरात आले. "लेईमारा, हे धोरणात्मक म्हणजे काय?"

"म्हणजे विचार करून केलेली."

"म्हणजे आधीच्या सगळ्या विचार न करता केल्या होत्या?"

"टाकीकडे बघा ना," लेईमारा म्हणाली.

टाकी नाकामालाच्या मागेच होती. कुठल्याशा देशानं फार पूर्वी गावाला दिलेली. त्यांचेच लोक आले, त्यांनीच बांधली, त्यांनीच पाटी लावली, फोटो काढले आणि गेले. पुढे तोटी तुटली. गावातल्या कुणीही ती बदलली असती, पण टाकी पडली ‘त्यांची’. त्यांना कळवलं, वाट पाहिली, आणखी वाट पाहिली. आता त्या टाकीत चीफच्या थोरल्या बहिणीची, लेईविया आजीची कोंबडी अंडी घालत असे.

महिन्याभरात आइसलंडची बाई आलीसुद्धा. आस्दीस तिचं नाव. उंच, सडपातळ, आणि उतरल्यापासून तासाभरात नाक उन्हानं लालबुंद. आडनाव विचारलं तर म्हणाली, आमच्याकडे आडनावानं कुणी हाक मारत नाही, नुसतं आस्दीस म्हणा. त्यामुळे तिला गावात जागा लगेच मिळाली. देशाच्या नावाचा अर्थ लेईमारानं ‘बर्फाचा देश’ असा सांगितला, तेव्हा काल्मासेइनं मान वर करून बघितलं. तो मान वर करतो म्हणजे गोष्ट मोठी.

नाकामालात सगळे जमले. बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या, मध्ये केळीच्या पानांवर किसलेल्या कंदांचा गरम लापलाप. आस्दीस भागीदारीबद्दल बोलली. दोन्ही देश छोटे, दोन्हींच्या चारी बाजूंना समुद्र, दोन्हींचं पोट माशांवर. तिकडचा बर्फ वितळतोय, इकडचा किनारा खचतोय. म्हणून जगाच्या बैठकांत समुद्राचा विषय निघाला की दोघांनी एकत्र बोलायचं.

चीफ म्हणाले, "आणि त्याबदल्यात आम्ही काय द्यायचं? नीट विचार तिला."

लेईमारानं विचारलं. आस्दीस म्हणाली की समुद्राच्या बाजूनं तुमच्या देशाचं मत पडावं, एवढंच.

"हात वर करायचा? बस?" चीफना ते पटेना. "हात तर आम्ही तसाही वर केला असता. बुडतोय आम्ही. तिला सांग, हातासोबत डुक्करही देऊ."

आस्दीस हसली. तिनं सांगितलं की तिच्या देशात लोक हजार वर्षांहून जास्त काळ असे एकत्र बसून ठरवत आलेत. चीफ म्हणाले, "आमची मागची एक बैठक अजून चालूच आहे." यावर सगळा नाकामाल हसला, आणि त्या हसण्यातच आस्दीसनं कामाचं वाक्य टाकलं. या बेटावर सूर्याच्या उन्हावर चालणारं बर्फघर होणार. बर्फ करायचं मशीन, मासे ठेवायची थंड खोली. ती इंग्रजीत म्हणाली, "वी विल बिल्ड इट हिअर."

आता इथे आमच्या बिस्लामा भाषेबद्दल दोन शब्द. मराठी माणसाला हे समजवायला फारसं लागणार नाही. बिस्लामात ‘मीफाला’ म्हणजे आम्ही, समोरचा सोडून. आणि ‘युमी’ म्हणजे आपण, समोरच्याला धरून. इंग्रजांनी जग जिंकलं, पण ‘वी’ म्हणताना समोरचा आत की बाहेर, हे ठरवायचं मात्र त्यांचं राहूनच गेलं.

लेईमारा गावाकडे वळली आणि म्हणाली, "ती म्हणतेय, बर्फघर आपण बांधू."

आपण. तिचं तिलाही कळलं नाही. तोंडातून सहज आलं आणि गेलं.

आस्दीस गेली. गाव मात्र त्या शब्दावर कामाला लागलं. शंख फुंकला गेला, घराघरात वाटण्या झाल्या. पुरुषांनी किनाऱ्यावर पोवळ्याच्या दगडांचा ढीग रचला, वाळूची पोती भरली, जंगलातून खांब तोडून आणले. लेईविया आजीनं बायकांना बसवून नातांगुराच्या पानांचं छप्पर विणून घेतलं, कारण पत्र्याखाली बर्फ ठेवणं हा तिच्या मते शुद्ध येडेपणा होता. लेईमारानं ओबेदला फोन केला. म्हणाली, "या खेपेला आलास की जायचं नाही. आपण बर्फघर बांधतोय." ओबेद म्हणाला, "आई, बांधून होऊ दे आधी." त्या उत्तरानं ती दोन दिवस धुसफुसत होती.

मग एके दुपारी सामानाचा तराफा आला. त्यावर मशीन, पत्रे, सिमेंट, आस्दीस, आणि व्हिलाच्या एका ठेकेदाराचे कामगार. मुकादमाचं नाव मोली, सांतो बेटाकडचा, पोट सुटलेला हसरा माणूस. उतरल्या उतरल्या त्यांनी डोक्यावर टोप्या चढवल्या, जागेभोवती नारिंगी जाळी ताणली आणि पाटी लावली. काल्मासेइ आपला ठरल्याप्रमाणे खांद्यावर खांब घेऊन निघाला होता. जाळीपाशी एका कामगारानं त्याला अडवलं. "काका, आत यायचं नाही. काम आमचं आहे."

काल्मासेइनं खांब हळूच खाली ठेवला. त्याला रिकाम्या खांद्यानं परत येताना अख्ख्या गावानं पाहिलं.

चीफ घरी गेले आणि हातात नामेलेचं पान घेऊन आले. सरळ जाळीच्या आत शिरले, बरोबर मध्यभागी पान रोवलं आणि निघून गेले. नामेलेचं पान उभं राहिलं की त्या जागेला कुणी हात लावायचा नाही. ते काढायचं तर ज्यानं रोवलं त्यानंच, आणि त्याआधी ज्याची चूक त्यानं डुक्कर द्यायचं. मोलीला हे सांगावं लागलं नाही. त्यानं टोपी काढली, माणसांना बाहेर बोलावलं आणि सावलीत जाऊन नारळ मागवला. तराफ्याचा कप्तान मात्र कुरकुरला. म्हणाला, रविवारपर्यंत सामान उतरलं नाही तर मी ते यादीतल्या पुढच्या बेटावर नेईन, ते लोक कधीपासून मागतायत.

"पान कशाला लावलं?" आस्दीसनं विचारलं.

सगळं गाव लेईमाराकडे बघायला लागलं. आणि जन्मात पहिल्यांदा लेईमाराची जीभ अडली.

"ऊन फार आहे म्हणून," ती म्हणाली आणि घरी निघून गेली.

घरी काल्मासेइ जाळं दुरुस्त करत बसला होता. ती त्याच्यासमोर बसली. बराच वेळ कुणी बोललं नाही, म्हणजे तो नेहमीप्रमाणे आणि ती नेहमीविरुद्ध.

"ती आपण म्हणालीच नव्हती की काय?" शेवटी त्यानंच विचारलं.

"मला काय माहीत," लेईमारा म्हणाली, आणि उठून किनाऱ्याकडे गेली.

आस्दीस पोवळ्याच्या ढिगावर बसली होती. एवढे दगड इथे कुणी आणि कशासाठी रचले, हा विचार तिच्या लाल नाकावर स्पष्ट दिसत होता.

"लेईमारा, माझं काही चुकलं का?"

"त्या दिवशी बर्फघर कोण बांधणार म्हणालीस?"

"वी, म्हणाले."

"कुठलं वी?"

"कुठलं म्हणजे? एकच तर असतं."

"एकच?" लेईमाराला खरंच वाईट वाटलं. "मग भांडण झालं की कोण कुणाच्या बाजूला, हे तुम्हाला कळतं कसं?"

"नाही कळत. म्हणून तर आमची भांडणं मिटत नाहीत."

लेईमारानं वाळूत शिंपले मांडले. हे तुझे लोक, हे आमचे. यांच्याभोवती असं कुंपण घातलं तर मीफाला, सगळ्यांभोवती घातलं तर युमी. फक्त आपण दोघी असू तर युमीतू, तिघं असू तर युमीत्री. आस्दीस वाकून बघत होती आणि पुटपुटत होती. मग तिनं मान वर केली. "आणि तुम्ही त्या दिवशी कुठलं घातलंत?"

लेईमारानं मोठ्या कुंपणावरून बोट फिरवलं.

आस्दीसनं दगडांकडे पाहिलं, वाळूच्या पोत्यांकडे, विणलेल्या छपराकडे पाहिलं. तिला सगळं एकदम उमगलं. ती म्हणाली, "माझ्या आजोळी शरदात डोंगरावरून मेंढ्या खाली आणतात. सगळं खोरं जातं. कुणाच्या मेंढ्या हे कुणी विचारत नाही, ते खाली आल्यावर कानावरची खूण बघून ठरतं. शहरातले येतात, पोस्टमन येतो, पाद्री येतो. न येणाऱ्याशी लोक वर्षभर नीट बोलत नाहीत."

"मग तुला कळायला हवं होतं," लेईमारा म्हणाली.

"हवं होतं." आस्दीस उठली. "मशीन आणि विजेचं काम मोलीच्याच माणसांनी करायचं, ते कागदात आहे. दगड, वाळू, छप्पर यांबद्दल कागद काही बोलत नाही. आणि मी आत्ता ऑफिसला विचारणारही नाही, कारण विचारलं तर ते उत्तर देतील." मग ती जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही सांगून टाका की मी आपणच म्हणाले होते. मला चालेल. तुमच्यावर काही येणार नाही."

लेईमारा वाळूतले शिंपले गोळा करायला लागली. वाट सोपी होती. इतक्या वर्षांची तिची जीभ साफ सुटत होती. पण मग आस्दीस ही आधी ‘आपण’ म्हणून नंतर जाळी ताणणारी ठरत होती, आणि असल्या माणसासाठी चीफनी पान काढलं नसतं.

संध्याकाळी नाकामालात कावाच्या, म्हणजे मुळं कुटून केलेल्या कडू पेयाच्या, करवंट्या फिरल्या. मोलीही येऊन बसला होता. चीफनी आपली करवंटी संपवली, थुंकून आले आणि म्हणाले, "लेईमारा, बाईला विचार. त्या दिवशी ती आपण म्हणाली होती, की आम्ही?"

लेईमारा उभी राहिली. ती आस्दीसकडे वळली नाही.

"विचार की," चीफ म्हणाले.

"विचारायचं काही नाही. तिच्या भाषेत तो फरकच नाही. ‘आपण’ मी घातलं."

लेईविया आजीनं बसल्या जागेवरून विचारलं, "म्हणजे आजवर तू असंच काहीबाही घालत आलीस?"

"थोडंथोडं," लेईमारा म्हणाली. "शाळेचे पत्रे आले तेव्हा कुणी तक्रार केली नाही ती."

दोघंतिघं हसले. चीफ हसले नाहीत. लेईमारानं हात झग्याला पुसले.

"मी हॉटेलात एक खोली वर्षानुवर्षं रोज आवरली," ती म्हणाली. "तिच्यातली भिंतीवरची पालसुद्धा मला ओळखायची. त्या खोलीतल्या खुर्चीवर मी एकदाही बसले नाही, कारण खोली त्यांची. मागची टाकी पण त्यांची. तोटी तुटली तर आपण नुसते बघत बसलो. बर्फघर तसं झालेलं मला नको होतं. ते आपलं असलं तर माझा ओबेद त्याच्यासाठी घरी राहील. दुसऱ्याच्या बर्फघराची राखण करायला तो कशाला राहील? दुसऱ्याची सफरचंदं तोडतोच आहे की. म्हणून माझ्या तोंडून आपण आलं. चुकून आलं की मुद्दाम आलं, ते मला आजही सांगता येत नाही. पण खोटं ही बाई बोललेली नाही. डुक्कर मी देते. ओबेदच्या लग्नाचं."

एवढं बोलून ती खाली बसली. काल्मासेइ पुरुषांच्या रांगेतून उठला, पलीकडे आला आणि सगळ्यांदेखत बायकोशेजारी जाऊन बसला. असं आमच्याकडे कुणी करत नाही.

आता चीफ काय बोलतात, याकडे सगळ्यांचे कान लागले. तेवढ्यात आस्दीस उभी राहिली. तिला लेईमाराचं बोलणं कळलं नव्हतं, पण तिचा चेहरा कळला होता. तिनं परवानगी मागितल्यासारखी मान झुकवली, चीफच्या डोळ्याला डोळा भिडवला, आणि दुपारभर शिंपल्यांवर घोकलेलं वाक्य बिस्लामात, खणखणीत आवाजात म्हटलं.

"चीफ काल्तापाउ, युमीतू. हे घर युमीतू बांधू."

म्हणजे, आपण दोघं. फक्त तुम्ही आणि मी.

लगेच लेईविया आजीचा आवाज आला, "ऐकलंस का रे काल्तापाउ? बायको जाऊन इतकी वर्षं झाली, कुणी ढुंकून बघितलं नाही, आणि आता बर्फाच्या देशातून मागणी आली बघ तुला."

नाकामाल फुटला. मोली हसता हसता आडवा झाला. चीफनी आधी ओठ घट्ट दाबून पाहिले, मग त्यांचे खांदे हलायला लागले, मग डोळ्यांतून पाणी. आस्दीस घाबरून लेईमाराकडे बघायला लागली. लेईमारानं डोळे पुसत तिला सांगितलं की तू काय म्हणालीस, तशी तिच्या नाकाबरोबर तिचे कानही लाल झाले.

"तिला सांग," चीफ कसेबसे म्हणाले, "माझी कंबर गेलेली आहे. दोघांनी व्हायचं काम नाही हे. सगळेच या म्हणावं उद्या." मग ते जरा सावरले. "डुक्कर मात्र द्यावं लागेल, लेईमारा. पान म्हणजे पान."

"दिलं म्हटलं ना."

सकाळी लेईमारानं डुक्कर आणून बांधलं, त्याची पाठ एकदा खाजवली आणि तोंड फिरवून रडली. डुकरासाठी कसलं रडायचं, असं कुणी म्हणालं नाही. आस्दीस एक मोठं गाठोडं घेऊन आली. आईनं तिच्या खाण्यासाठी पाठवलेली सुकी मासळी होती त्यात. ते तिनं डुकराशेजारी ठेवलं. "निम्मी चूक माझ्या भाषेची," ती म्हणाली. लेईमारानं ते जसंच्या तसं सांगितलं आणि चीफनी स्वतःच्या हातानं पान काढलं. ती मासळी इतकी चिवट होती की गाव दुपारपर्यंत ती चघळत होतं, पण एकानंही टाकली नाही.

मग काम सुरू झालं. मशीन आणि तारा मोलीच्या माणसांनी जोडल्या, बाकीचं गावानं उभं केलं. मोलीनं पत्रा ठोकला आणि लेईविया आजीनं त्याच्यावर पानांचं छप्पर चढवायला लावलं. आत हात घालून बघितल्यावर मोली म्हणाला, म्हातारी बरोबर बोलत होती. नारिंगी जाळी आजीनं कोंबड्यांसाठी नेली. शेवटी तिकडून आलेली पितळेची पाटी दारावर लागली. तिच्यावर दोन देशांची मैत्री, सहकार्य, दीर्घकालीन भागीदारी असं बरंच काही कोरलेलं होतं. चीफनी विचारलं, "काय लिहिलंय?"

लेईमारानं डोळे बारीक करून ती पूर्ण वाचली. "दार लावून घ्या, असं लिहिलंय," ती म्हणाली. आजही एलावोआवर बर्फघराचं दार कुणी उघडं टाकत नाही.

ओबेद सफरचंदांचा हंगाम संपवून आला. पहिल्याच आठवड्यात बापाचा पुले बर्फात घालून तो व्हिलाला पोचवून आला, ताठ, लालचुटुक. पुढच्या हंगामाला बोलावणं आलं, तेव्हा त्यानं ते शेजारच्या मुलाला दिलं. लग्नाचं कुणी काढलं की म्हणतो, आधी डुक्कर वाढू दे. लेईमारानं नवं पिल्लू आणलंय, पण त्याची पाठ ती अजून मनापासून खाजवत नाही.

नंतर एकदा बर्फघराचा पंप बंद पडला. सकाळी चीफ बघायला गेले तर काल्मासेइ आणि ओबेद दोघं मशीनखाली आडवे, पाय तेवढे बाहेर. व्हिलाहून माणूस येईपर्यंत थांबू या का, असं कुणी विचारलंसुद्धा नाही. पडीक ट्रकचा पट्टा कापून त्यांनी तो पंपाला बसवला आणि दुपारी बर्फ पडायला लागला.

त्या संध्याकाळी लेईमारानं आस्दीसला फोन लावला. तिकडे नुकती सकाळ होत होती, पण बाहेर काळोखच होता आणि वारा इतका की इकडे ऐकू येत होता.

"आस्दीस, मशीन बिघडलं होतं."

"थांबा, थांबा, लिहून घेते," आस्दीसची धावपळ ऐकू आली. "हं, सांगा. काय काय पाठवायचं?"

"काही नको. ओबेदनं नीट केलं. ट्रकचा पट्टा लावला."

"मग फोन कशासाठी केलात?"

लेईमाराला प्रश्नच कळला नाही. "कशासाठी म्हणजे? मशीन बिघडलं होतं आणि आता चालू झालं. तुला कळवायला नको?"

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग आस्दीस बोलली, हळू, एकेक शब्द जुळवत, इंग्रजी सोडून बिस्लामात. या खेपेला तिनं कुंपण बरोबर घातलं.

काल्मासेइ बर्फावर मासे लावत होता. त्यानं मान वर केली. "काय म्हणाली?"

त्याला बिस्लामा येत होतं, पण फोन बायकोच्या कानाला होता. लेईमारानं एक शब्द वाढवला नाही, एक गाळला नाही.

"म्हणाली, आपलं मशीन आता बर्फ देतंय ना?"

"देतंय म्हणून सांग," काल्मासेइ म्हणाला, आणि पुढचा मासा बर्फावर ठेवला.